कॅम्पसच्या वाय-फायला लॅपटॉप जोडताना: पासवर्ड पुन्हा टाकण्याआधी हे वाचा

जुलै-ऑगस्टात प्रवेश आटोपले की संगणक केंद्राच्या दाराशी रांग लागते. प्रत्येकाच्या हातात लॅपटॉप असतो. कुणाचा नवा कोरा, कुणाचा मामेभावाकडून आलेला. तक्रार मात्र एकच: "सर, वाय-फाय लागत नाहीये, पासवर्ड तर बरोबर आहे." मदतीच्या त्या टेबलामागे मी प्रवेशाचे काही हंगाम बसलो आहे. रांगेतल्या बहुतेकांनी तोवर तोच पासवर्ड दहा-पंधरा वेळा टाकून पाहिलेला असतो आणि त्यापायी खातं काही वेळापुरतं बंद पडलेलं असतं. सकाळी एक अडचण होती, दुपारपर्यंत दोन होतात.

घरच्या वाय-फायला एक पासवर्ड दिला की काम झालं. कॅम्पसचं तसं नाही. तिथे जोडणी तीन-चार टप्प्यांतून जाते, आणि कुठल्याही टप्प्यावर अडकली तरी पडद्यावर जवळपास तोच संदेश दिसतो. म्हणून या लेखात जोडणी कशी करायची ते सांगेनच, पण त्याहून जास्त जोर देईन तो गाडी नेमकी कुठे अडली हे ओळखण्यावर. ते कळलं की उपाय बहुधा दोन मिनिटांचा असतो.

लॅपटॉप उघडण्याआधी

आधी कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर असतात, नाहीतर संगणक केंद्रात विचारा. संकेतस्थळ फोनच्या डेटावर किंवा प्रयोगशाळेतल्या संगणकावर पाहा. नेटवर नेट शोधायची वेळ इथेच येते.

पहिली गोष्ट म्हणजे नेटवर्कचं नेमकं नाव. एकाच इमारतीत तीन-चार नावं दिसतात: पाहुण्यांसाठीचं, प्राध्यापकांसाठीचं, विद्यार्थ्यांसाठीचं. दुसरी, तुमचं वापरकर्ता नाव. ते नुसता नोंदणी क्रमांक आहे की त्यापुढे @ आणि संस्थेचा पत्ता लावायचा आहे, हे नीट विचारा. तिसरी, खातं चालू झालं आहे का? बऱ्याच ठिकाणी पहिला पासवर्ड तात्पुरता असतो आणि तो एका पानावर जाऊन बदलल्याशिवाय वाय-फाय चालतच नाही. चौथी, ओळख तपासणाऱ्या सर्व्हरचं नाव आणि त्याचं प्रमाणपत्र. हे सहसा कुणी विचारत नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. कारण पुढे येईल. पाचवी, एका खात्यावर किती उपकरणं चालतात, आणि लॅपटॉपचा मॅक पत्ता आधी नोंदवावा लागतो का.

मॅक पत्ता म्हणजे वाय-फाय कार्डाचा स्वतःचा क्रमांक, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. ॲपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही. विंडोजमध्ये तो सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय आणि तिथल्या हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये 'फिजिकल ॲड्रेस' या नावाने दिसतो.

क्लिक केल्यावर आत काय घडतं

वसतिगृहाच्या फाटकाचा विचार करा. आधी फाटक सापडलं पाहिजे. मग वॉचमन ओळखपत्र बघतो आणि आतल्या कार्यालयात नाव विचारून घेतो. मग खोली क्रमांक मिळतो. त्यानंतरच तुम्ही आतबाहेर करू शकता.

वाय-फायचंही असंच आहे. लॅपटॉपला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारं यंत्र, दिसतो, हा पहिला टप्पा. ॲक्सेस पॉइंट तुमचं नाव-पासवर्ड स्वतः तपासत नाही. तो फक्त निरोप्या असतो, तपासणी करतो मागे बसलेला रेडियस नावाचा सर्व्हर. हा दुसरा टप्पा. या पद्धतीचं तांत्रिक नाव ८०२.१एक्स. तिचं मानक २००१ साली आलं, आणि लॅपटॉपवर 'डब्ल्यूपीए-२ एंटरप्राइझ' असं दिसतं ते हेच. ओळख पटली की डीएचसीपी सर्व्हर लॅपटॉपला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा खोली क्रमांक, देतो. हा तिसरा टप्पा. मग संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधणारा डीएनएस, आतबाहेरची ये-जा तपासणारी फायरवॉल, काही ठिकाणी लॉगिनचं पान. हा चौथा.

आता प्रमाणपत्राकडे येतो. वॉचमन तुमचं ओळखपत्र बघतो, पण वॉचमन खरा आहे का हे कोण बघणार? वाय-फायचं नाव कुणीही कुठलंही ठेवू शकतं. कॅन्टीनमध्ये बसून एखादा माणूस कॅम्पसच्याच नावाचं नेटवर्क चालू करू शकतो, आणि तुमचा लॅपटॉप आपणहून त्याच्याकडे ओळख सांगायला जातो. बहुतेक संस्थांत पासवर्ड तपासण्याची आत चालणारी पद्धत एमएसचॅप-व्ही२ असते. तिच्यात पासवर्ड उघडा जात नाही, पण त्या देवाणघेवाणीतून तो शोधून काढता येतो. २०१२ साली डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की हे कोडं शेवटी डीईएस या जुन्या सांकेतिक पद्धतीची एकच ५६ बिटांची किल्ली शोधण्याइतकं उरतं, आणि योग्य यंत्रावर ते एका दिवसात सुटतं. ही सगळी देवाणघेवाण सुरक्षित राहते ती फक्त तिच्याभोवतीच्या टीएलएस या कुलूपबंद आवरणामुळे. आणि ते आवरण खऱ्या सर्व्हरशीच जोडलं आहे याची खात्री प्रमाणपत्र देतं.

म्हणून "सर्टिफिकेटच्या जागी 'डू नॉट व्हॅलिडेट' निवड, लगेच लागतं" हा मित्राचा सल्ला कृपया मानू नका. लगेच लागतं हे खरं आहे. पण तोच पासवर्ड तुमच्या संस्थेच्या मेलचा, निकालाच्या पोर्टलचा, कधी फी भरण्याच्या खात्याचाही असतो.

सोपा रस्ता: संस्थेचा इन्स्टॉलर

तुमची संस्था एज्युरोम वापरत असेल तर बरंच काम आयतं होतं. संशोधकांना आणि विद्यार्थ्यांना जगभर एकाच खात्यावर वाय-फाय मिळावं ही कल्पना २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये निघाली. आज हे जाळं शंभरावर देशांत आहे. भारतात ते अर्नेट इंडिया ही केंद्र सरकारची स्वायत्त संस्था सांभाळते. पवईची आयआयटी त्यात आहे, इतरही अनेक संस्था आहेत.

कॅट डॉट एज्युरोम डॉट ऑर्ग या पत्त्यावर जा, संस्थेचं नाव शोधा आणि तुमच्या प्रणालीचा इन्स्टॉलर उतरवून घ्या. तो चालवला की सर्व्हरचं नाव, प्रमाणपत्र, पद्धत सगळं आपोआप भरलं जातं. तुम्ही फक्त नाव आणि पासवर्ड द्यायचा. संस्था यादीत नसेल तर संगणक केंद्राने स्वतःचा इन्स्टॉलर किंवा प्रोफाइल ठेवली आहे का ते विचारा. असेल तर हाताने भरायच्या फंदात पडू नका. हाताने भरताना राहून जाणारी गोष्ट नेमकी प्रमाणपत्राचीच असते.

आधी अर्धवट प्रयत्न केलेला असेल तर जुनं नेटवर्क 'फरगेट' करून मगच इन्स्टॉलर चालवा. चुकीची जुनी माहिती शिल्लक राहिली की लॅपटॉप तीच पुन्हा पुन्हा पुढे करतो.

विंडोजवर हाताने

नुसतं नेटवर्कच्या नावावर क्लिक करून नाव-पासवर्ड दिला तरी विंडोज १० आणि ११ बहुतेक वेळा जोडून देतात. मध्ये एक प्रश्न येतो: हे नेटवर्क इथे असणं अपेक्षित असेल तरच पुढे जा, नाहीतर त्याच नावाचं ते दुसरंच असू शकतं. त्याखाली प्रमाणपत्राचा तपशील पाहण्याचा दुवा असतो. तो उघडा. तिथे प्रमाणपत्राची खूण ('थंबप्रिंट'), म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ, दिसेल. संगणक केंद्राने दिलेल्या खुणेशी ती अक्षर-अक्षर जुळवा आणि मगच कनेक्ट करा. जुळवायला खूणच मिळाली नसेल तर पहिली जोडणी कॅन्टीन किंवा बसथांब्याजवळ न करता संगणक केंद्रात बसून करा. तिथे खोटं नेटवर्क असण्याची शक्यता सगळ्यात कमी.

पक्कं काम करायचं असेल, किंवा सोपी पद्धत फसली असेल, तर कंट्रोल पॅनेलमधून जा. पायऱ्या जास्त आहेत, पण एकदाच करायच्या आहेत.

१. कंट्रोल पॅनेल, मग नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, मग 'सेट अप अ न्यू कनेक्शन ऑर नेटवर्क', आणि त्यात 'मॅन्युअली कनेक्ट टू अ वायरलेस नेटवर्क'.

२. नेटवर्कचं नाव लिहा, लहान-मोठ्या अक्षरांसकट जसंच्या तसं. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ एंटरप्राइझ, एन्क्रिप्शन एईएस. नेक्स्ट दाबल्यावर 'चेंज कनेक्शन सेटिंग्ज' येईल, तिथे क्लिक करा. घाईत 'क्लोज' दाबलं की सगळं पुन्हा करावं लागतं.

३. 'सिक्युरिटी' टॅबवर पद्धत 'प्रोटेक्टेड ईएपी' म्हणजे पीप निवडा आणि शेजारचं 'सेटिंग्ज' उघडा. सर्व्हरची ओळख प्रमाणपत्रावरून तपासण्याच्या चौकटीत खूण हवीच. 'कनेक्ट टू दीज सर्व्हर्स'मध्ये सर्व्हरचं नाव लिहा. खालच्या यादीत संस्थेने सांगितलेल्या मूळ प्रमाणपत्रावर खूण करा. संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र असेल तर ते आधी उतरवून लॅपटॉपमध्ये बसवावं लागतं.

४. त्याच खिडकीत खाली 'सिक्युअर्ड पासवर्ड, ईएपी-एमएसचॅप व्ही२' निवडून 'कॉन्फिगर' दाबा. विंडोजचं लॉगिन नाव आणि पासवर्ड आपोआप वापरण्याची खूण असेल तर काढा. ती राहिली तर लॅपटॉप कॅम्पसच्या सर्व्हरला तुमच्या घरच्या संगणकाचं नाव सांगत बसतो.

५. मागे 'सिक्युरिटी' टॅबवर येऊन 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' उघडा. 'स्पेसिफाय ऑथेंटिकेशन मोड'वर खूण करा, 'युजर ऑथेंटिकेशन' निवडा आणि ओके करत बाहेर या. आता नेटवर्कवर क्लिक केलं की नाव-पासवर्ड विचारला जाईल.

तिसऱ्या पायरीत सर्व्हरचं नाव का लिहायचं? प्रमाणपत्र एखाद्या सार्वजनिक कंपनीने दिलेलं असेल तर त्याच कंपनीचं प्रमाणपत्र दुसरा कुणीही स्वतःच्या नावाने विकत घेऊ शकतो. 'प्रमाणपत्र खरं आहे' एवढ्यावर भागत नाही, 'आपल्या संस्थेच्या सर्व्हरचं आहे' हे कळायला नाव लागतंच.

विंडोज ११ची एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन आवृत्ती असेल तर २२एच२ या अपडेटपासून 'क्रेडेन्शियल गार्ड' हा साठवलेले पासवर्ड जपणारा पहारेकरी आपोआप चालू होतो, आणि चौथ्या पायरीतली आपोआप-लॉगिनची सोय त्याच्यामुळे बंद पडते. तेव्हा काल चालणारं नेट अपडेटनंतर बंद पडलं तर आधी हे आठवा. नाव-पासवर्ड हाताने टाकला की चालतं.

मॅक आणि उबुंटू

मॅकवर काम सोपं आहे. नेटवर्क निवडा, नाव-पासवर्ड द्या, 'व्हेरिफाय सर्टिफिकेट' आल्यावर 'शो सर्टिफिकेट' दाबून सर्व्हरचं नाव पाहा, मग 'कंटिन्यू'. शेवटी तो मॅकचा स्वतःचा पासवर्ड मागतो, कॅम्पसचा नव्हे. इथे दर वर्षी गोंधळ होतो. प्रोफाइल फाइल मिळाली असेल तर ती उघडल्यावर लगेच बसत नाही, सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रोफाइल किंवा डिव्हाइस मॅनेजमेंट शोधून तिथे मंजुरी द्यावी लागते.

उबुंटूवर क्लिक केल्यावर एक फॉर्म येतो. सुरक्षा: डब्ल्यूपीए व डब्ल्यूपीए-२ एंटरप्राइझ. ऑथेंटिकेशन: प्रोटेक्टेड ईएपी. अनामिक ओळखीच्या रकान्यात संस्थेने सांगितलेलं लिहा, बहुधा 'अनॉनिमस'पुढे @ आणि संस्थेचा पत्ता. बाहेरच्या आवरणावर तुमचं खरं नाव दिसू नये म्हणून तो रकाना असतो. डोमेनमध्ये सर्व्हरचं नाव, पुढे प्रमाणपत्राची फाइल, आतली पद्धत एमएसचॅप-व्ही२, आणि शेवटी नाव-पासवर्ड. प्रमाणपत्राखाली 'नो सीए सर्टिफिकेट इज रिक्वायर्ड' अशी चौकट असते. तिला हात लावू नका.

उबुंटू २२.०४ किंवा पुढची आवृत्ती असेल, सगळं बरोबर भरलं असेल, तरीही जोडणी होत नसेल, तर दोष तुमचा नसण्याची चांगली शक्यता आहे. या आवृत्तीपासून टीएलएसचं काम सांभाळणारं ओपनएसएसएल ३ आलं आणि त्याने टीएलएसचे जुने, कमकुवत प्रकार नाकारायला सुरुवात केली. संस्थेचा रेडियस सर्व्हर जुना असेल तर दोघांचं जमत नाही. लॅपटॉपची सुरक्षा सैल करून जोडण्याच्या युक्त्या सापडतात, पण मी तरी संगणक केंद्राला सर्व्हर सुधारायला सांगेन. दहा मुलांनी लेखी सांगितलं की ते काम होतं.

ब्राउझरमध्ये लॉगिन होणारं वाय-फाय

अनेक कॉलेजांत एंटरप्राइझ पद्धत नसते. वाय-फाय खुलं असतं किंवा सगळ्यांना एकच पासवर्ड असतो, आणि खरी ओळख ब्राउझरमधल्या पानावर द्यावी लागते. आपल्याकडे सोफोस किंवा जुन्या सायबरोमचं पान बरंच दिसतं. पत्त्याच्या शेवटी :८०९० असतं त्यावरून ओळखू येतं.

पान आपोआप उघडलं नाही तर यूट्यूब किंवा गुगल पुन्हा पुन्हा उघडून उपयोग नाही. ही संकेतस्थळं एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, चालतात, आणि फायरवॉलला मध्येच पान बदलून लॉगिनकडे वळवणं तिथे नीट जमत नाही. नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे साधं, कुलूप नसलेलं संकेतस्थळ याच कामासाठी आहे. ते उघडलं की लॉगिनचं पान पुढे येतं. तरीही नाही आलं तर व्हीपीएन (नेटची सगळी ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारं ॲप) बंद करा आणि हाताने घातलेला डीएनएस (८.८.८.८ वगैरे) काढून 'ऑटोमॅटिक' करा. लॉगिन होईपर्यंत बाहेरच्या डीएनएसला वाट मोकळी नसते.

काही ठिकाणी लॉगिनची खिडकी उघडी ठेवावी लागते, ती बंद केली की थोड्या वेळाने नेट जातं. आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर काम झालं की लॉगआउट करा. तुमच्यानंतर बसणाऱ्याने काहीही केलं तरी नोंद तुमच्या नावावर पडते.

कुठे अडलं?

*नावच दिसत नाही.* एअरप्लेन मोड, फंक्शन कीवरचं वाय-फायचं बटण, आणि जुन्या लॅपटॉपांत कडेला असलेली छोटी कळ आधी पाहा. शेजाऱ्याला नाव दिसतंय, तुम्हाला इतर नेटवर्क दिसतात पण नेमकं हेच दिसत नाही, असं असेल तर दोन कारणं शक्य आहेत. एक, वाय-फायच्या लहरींच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी तुमचं कार्ड फक्त २.४ चं आहे आणि कॅम्पसचं नेटवर्क ५ वर आहे. दुसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. संस्थेने नवे वाय-फाय ६ चे ॲक्सेस पॉइंट बसवले की इंटेलच्या काही जुन्या कार्डांना, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) जुना असेल तर, ते नेटवर्क दिसतच नाही. ड्रायव्हर अद्ययावत केला की दिसायला लागतं. फोनवर तो उतरवून केबलने लॅपटॉपमध्ये घ्या.

*नाव दिसतं, पासवर्ड दिला की 'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क'.* हा दुसरा टप्पा. तोच नाव-पासवर्ड संस्थेच्या मेलवर किंवा पोर्टलवर चालतो का ते फोनवरून पाहा. नाही चालला तर प्रश्न खात्याचा आहे, लॅपटॉपला त्रास देऊ नका. चालला तर नावापुढचा @ चा भाग, पासवर्ड चिकटवताना मागे राहिलेली मोकळी जागा आणि कॅप्स लॉक पाहा. मग नेटवर्क फरगेट करून नव्याने जोडा.

आणि घड्याळ पाहा. एका संध्याकाळी एक मुलगी आली, महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. लॅपटॉप जुना, बहिणीचा. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, फोनवर वाय-फाय व्यवस्थित चालत होतं. अर्धा तास आम्ही सगळं उलटंपालटं करून पाहिलं. मग माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तारीख होती २०१७ सालातली. लॅपटॉपच्या आतला घड्याळाचा सेल संपला होता, बॅटरी पूर्ण उतरली की तारीख मागे जायची. लॅपटॉपच्या हिशेबाने सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं, म्हणून तो ते नाकारत होता. तारीख दुरुस्त केली, क्षणात जोडलं गेलं, आणि अर्ज वेळेत गेला. दुसऱ्या दिवशी तापकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन तिने सेल बदलून घेतला. तेव्हापासून मी आधी घड्याळ बघतो, मग बाकीचं.

*पासवर्ड बदलल्यानंतर खातं सारखं बंद पडतं.* तुमच्या खिशातल्या फोनमध्ये जुना पासवर्ड साठवलेला आहे. तो वाय-फायच्या टप्प्यात आला की तुम्हाला न विचारता जुन्या पासवर्डने प्रयत्न करत राहतो, सर्व्हरला वाटतं कुणीतरी पासवर्ड ओळखू पाहतंय, आणि तो खातं बंद करतो. पासवर्ड बदलायच्या आधी फोन, टॅब, लॅपटॉप सगळ्यांवरून नेटवर्क फरगेट करा.

*'कनेक्टेड, नो इंटरनेट'.* वाय-फायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला डीएचसीपीकडून पत्ता मिळालाच नाही, त्याने स्वतःच एक तात्पुरता लावून घेतला आहे. म्हणजे तिसरा टप्पा अडला. ओळख पटलेली आहे, पासवर्डला आता दोष नाही. वाय-फाय बंद करून मिनिटभराने चालू करा. खच्चून भरलेल्या सभागृहात पत्तेच संपलेले असू शकतात, तिथे वाट पाहण्याशिवाय इलाज नाही. पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो, पण बाकीच्यांचा १० ने? मग घरच्या राउटरसाठी कधीतरी हाताने घातलेला पत्ता तसाच राहिला आहे. आयपी असाइनमेंट 'ऑटोमॅटिक' करा.

मॅक पत्ता नोंदवूनही हे होत असेल तर 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' चालू आहे का पाहा. मॅकवर त्याला 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' म्हणतात. या सोयीमुळे लॅपटॉप नोंदवलेला सोडून दुसराच क्रमांक सांगतो. फक्त कॅम्पसच्या नेटवर्कपुरती ती बंद करा, बाहेर चालू असू द्या. गोपनीयतेसाठी ती चांगली आहे.

*पत्ता बरोबर, तरी पानं उघडत नाहीत.* चौथा टप्पा. लॉगिनचं पान, व्हीपीएन आणि डीएनएस यांचं वर सांगितलं. राहिला प्रॉक्सी, म्हणजे नेटची ये-जा ज्याच्यामार्फत होते तो मधला सर्व्हर: आधीच्या कॉलेजात किंवा इंटर्नशिपच्या ऑफिसात घातलेला. सेटिंग्जमध्ये 'प्रॉक्सी' शोधा आणि 'युज अ प्रॉक्सी सर्व्हर' बंद करा, संस्थेने प्रॉक्सी दिलेला नसेल तर.

*लागतं, पण सारखं तुटतं.* डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डावर दोनदा क्लिक करून 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. तिथे तो टॅबच नसेल तर ड्रायव्हरकडे वळा.

वसतिगृहातली रेंज

५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण भिंतीत लवकर मरतं. २.४ लांब जातं, पण त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या फक्त तीनच: १, ६ आणि ११. वसतिगृहात चाळीस खोल्यांत चाळीस हॉटस्पॉट चालू असले की या तीन वाहिन्यांवर नुसता कल्ला असतो आणि कॅम्पसचं वाय-फाय सगळ्यांचंच मंदावतं. म्हणून कॅम्पसचं नेट मिळत असताना फोनचा हॉटस्पॉट बंद ठेवा. खोलीत स्वतःचा राउटर लावू नका. बहुतेक संस्थांत ते नियमाविरुद्ध आहेच, शिवाय त्याची केबल चुकीच्या खाचेत घातली तर तो मजल्यावरच्या सगळ्यांना चुकीचे आयपी पत्ते वाटत सुटतो. असा एक राउटर शोधायला आम्हाला दोन दिवस लागले होते.

टेबल दाराजवळ घ्या. ॲक्सेस पॉइंट बहुधा बोळात असतो, आणि लाकडी दारातून लहरी दगडी भिंतीपेक्षा सहज येतात. लोखंडी कपाट दार आणि टेबलाच्या मध्ये येऊ देऊ नका. ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखत असेल तर खोलीतल्या रेंजवर विसंबू नका. ग्रंथालयात किंवा विभागात केबलची खाच आहे का ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

परगावी, परदेशी जाण्याआधी

एज्युरोम असेल तर निघण्याआधी, स्वतःच्या कॅम्पसवर असतानाच जोडून पाहा. म्युनिक किंवा मेलबर्नला पोहोचून ते पहिल्यांदा करायला गेलात आणि अडलं, तर तिथलं केंद्र काही करू शकत नाही. तुमचं नाव-पासवर्ड तपासला जातो तो तुमच्याच संस्थेच्या सर्व्हरवर, तिथलं विद्यापीठ फक्त निरोप पुढे पाठवतं आणि तुमचा पासवर्ड त्यांना दिसतही नाही. म्हणून नावापुढे @ आणि संस्थेचा पत्ता लागतोच. तो नसेल तर निरोप कुठे पाठवायचा हे त्यांना कळत नाही. गावच्या कॅम्पसवर @ शिवायही कधी कधी चालून जातं, म्हणून ही चूक बाहेर गेल्यावरच उघडी पडते.

तरीही नाही जमलं तर

संगणक केंद्राला "वाय-फाय चालत नाही" एवढंच लिहू नका. लॅपटॉपची प्रणाली आणि आवृत्ती, मॅक पत्ता, वापरकर्ता नाव, अडलेली जागा म्हणजे इमारत, मजला, खोली, आणि प्रयत्न केल्याची तारीख-वेळ मिनिटासकट लिहा. पडद्यावरच्या संदेशाचा फोटो जोडा. आयपी पत्ता मिळाला होता का तेही सांगा. रेडियस सर्व्हर प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवतो. वेळ आणि नाव हाती असलं की टेबलामागच्या माणसाला ती ओळ सापडते आणि खातं बंद होतं, पासवर्ड चुकला की प्रमाणपत्र नाकारलं, हे तिथेच कळतं. पासवर्ड मात्र लिहू नका. तो तुम्हाला केंद्रातल्या कुणीही विचारता कामा नये, आणि विचारला तरी देऊ नका.